पट्ट्यांचं झाड

बेबीआत्याच्या झाडाचं फळ तोडून कुणी तोंडात टाकलं, की पुढचं सगळं ठरलेलं असे. खाणाऱ्याचा एक डोळा मिटायचा, मान खांद्यांत जायची, आणि तो कळवळून म्हणायचा, "बाप रे, काय आंबट!" मग बेबीआत्या हातातलं काम खाली ठेवून विचारायची, "खायला सांगितलं होतं कुणी?"

ती शोभेची संत्री होती. सुपारीएवढी, गोल, वर्षातले बरेच महिने झाडावर लटकणारी. बघायची, खायची नाहीत. पण लोकांचे हात शिवशिवतातच. दात तपासायच्या खुर्चीचं कव्हर शिवून घ्यायला आलेला डॉक्टरसुद्धा परसात डोकावला आणि त्याने फळ तोडलं. "तुमच्या दिवाणखान्यातली फुलदाणी मी चावून बघते का कधी?" असं आत्याने त्याला तोंडावर विचारलं. तो हसला. लोक नेहमी हसायचे. बेबीआत्याचा राग म्हणजे गल्लीची करमणूक झाली होती, आणि या गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त राग यायचा.

मुळात नावच बघा. साठीला टेकलेली बाई, बसच्या सीटवर रेक्झिन ताणून बसवताना दोन पुरुषांना ऐकणार नाहीत असे हात, आणि नाव बेबी! तीन भावंडांत शेंडेफळ म्हणून लहानपणी चिकटलं, ते सुटायचं नावच घेईना. घराच्या पुढच्या भागात वडिलांनी काढलेलं सीट कव्हरचं दुकान, मागे कामाची खोली, तिच्या मागच्या दारातून परस. दुकानात दादा बसायचा. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, नमुने दाखवायचा, चहा मागवायचा. माप घेणं, कापणं, शिवणं, फोम बसवणं सगळं बेबीआत्याचं. गिऱ्हाईक जाताना मात्र दादाचा हात हातात घेऊन म्हणायचं, "काम एक नंबर झालं हं!" आणि दादा म्हणायचा, "आपलं कामच तसं असतं."

तर ते झाड. त्याच्या पानांना पांढरट पिवळ्या कडा होत्या आणि कच्च्या फळांवर उभे पट्टे, हिरवा आणि दुधी, देठापासून बुडापर्यंत. पिकलं की पट्टे विरून जायचे आणि फळ साधं नारंगी व्हायचं. हे झाड तिने कुठून आणलं नव्हतं. ते तिला सापडलं होतं.

एकोणीस-वीस वर्षांची असताना दुकानाच्या पलीकडच्या वळणावर एक रोपवाटिका होती. मालकीणबाई खमक्या, बोलायला फटकळ. दुपारी काम नसलं की बेबी तिथे जाऊन बसायची, आणि बसता बसता शिकली: खुंट म्हणजे खालचं रानटी, दणकट झाड, मुळं त्याची, त्यावर आपल्याला हव्या त्या झाडाची काडी बसवायची, म्हणजे कलम. खालच्याने राबायचं, वरच्याने मिरवायचं. एक दिवस साध्या शोभेच्या संत्र्यावर तिला एकच फांदी वेगळी दिसली. बोटभर लांब, पानांना पांढऱ्या कडा. मालकीणबाईंच्या नजरेतूनही ती सुटली होती. बाई म्हणाल्या, "तुझी नजर, तुझी काडी. कर कलम." बेबीने रेक्झिन कापायच्या पातळ सुरीने कलम केलं आणि नव्या सीटवरच्या प्लास्टिकची पट्टी काढून ते बांधलं. ते जगलं. जगात असं दुसरं झाड असेल-नसेल, पण हे तिने बघितलं होतं, तिने कापलं होतं, तिने बांधलं होतं.

बाईंनी तिला कामावर बोलावलं. म्हणजे बोलावणं पाठवलं ते दुकानात, दादाकडे. दादाने परस्पर नाही म्हणून सांगून टाकलं. संध्याकाळी जेवताना म्हणाला, "तुला दिवसभर उन्हात झेपायचं नाही बेबी. मीच सांगून टाकलं. तुझ्या चांगल्यासाठीच." जणू हिच्यावर उपकार केले! तिला विचारायचं असतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि ती? ती त्या रात्री ताट सरकवून उठली, एवढंच. त्या वयात राग कसा करायचा हे तिला येत नव्हतं. पुढे चांगलं आलं.

रोपवाटिका गेली, तिथे गाड्या धुवायचं केंद्र झालं. झाड मात्र परसात मोठ्या कुंडीत राहिलं. त्याचं कौतुक करणं सोपं होतं, त्याला सांभाळणं नव्हे. पट्ट्यांच्या पानांत हिरवं कमी, म्हणून ते वाढायला कमजोर. मधूनच एखादी फांदी साधी हिरवी फुटते, ती भराभर वाढते आणि पट्टेरी फांद्यांचं सगळं खाऊन टाकते. आणि कलमाच्या जोडाच्या खालून खुंट स्वतःचे फुटवे काढतो, ते तर त्याहून आडदांड, हे लांब काटे. हिरवं दिसलं की काढायचं, जोडाखालचं दिसलं की मोडायचं. जोमदार ते काढायचं, नाजूक ते ठेवायचं. बेबीआत्याने किती जणांना कलमं करून दिली, प्रत्येकाच्या कानीकपाळी ओरडून हे सांगितलं. पण जोमाने वाढणारी फांदी कापायला कुणाचा हात धजत नाही. सगळ्यांची झाडं हिरवी झाली नाही तर मेली. आता पट्ट्यांचं झाड एकच उरलं होतं, तिच्या परसातलं.

मग तिचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, आणि घरातला संडास जिना चढून वर, म्हणून ती मोठ्या बहिणीकडे परगावी राहायला गेली. निघताना तिने झाड वहिनीच्या ताब्यात दिलं. वहिनी म्हणजे दादाची बायको. घरात इतकी हळू वावरणारी की स्वयंपाकघरात आहे की नाही हे भांडं वाजल्यावर कळायचं. दादापुढे तिचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. बेबीआत्या तिच्यावर मनातून खारच खाऊन होती. एवढी वर्षं एका घरात काढून ही बाई एकदाही नाही म्हणत नाही, याची तिला चीड यायची. पण पाणी वेळेवर घालेल तर हीच. आत्याने तिला कुंडीपाशी उभं करून जोड दाखवला. "याच्या खालून काही आलं तर मोडा. वरचं कितीही मरतुकडं दिसलं तरी हात लावायचा नाही." वहिनीने मान हलवली.

दीड महिन्याने बेबीआत्या काठी टेकत परत आली. गाडीतून उतरली ती घरात न जाता दुकानातून, कामाच्या खोलीतून, सरळ परसात. दादा तिथेच उभा होता, हातात कात्री, चेहऱ्यावर मोठं हसू.

"ये, ये! बघ आता आपलं झाड! काय होतं आणि काय झालं!"

कुंडीत हिरवागार, काटेरी, हातभर उंच फुटवा सरळ उभा होता. पानं जाड, तकतकीत. त्याच्या बाजूला, जोडाच्या खाली, सपाट कापलेला बुंधा. कापावर दादाने हळद दाबून भरली होती.

बेबीआत्याने काठीवर वाकून कापावर बोट ठेवलं.

"वरचं सगळं रोगट झालं होतं," दादा सांगत होता. "पानं पांढरी पडलेली, वाढ नाही. आणि खालून बघ, कसला फुटवा! म्हटलं, या रोगाने हेही जाईल. दोन आठवडे झाले, वरचं उडवून टाकलं. तेव्हापासून बघ कसं सुटलंय!"

"ती पानं पांढरीच असतात, दादा." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"काय?"

"पांढरीच असतात! चाळीस वर्षं पांढरीच आहेत! चाळीस वर्षं तू या दारातून येतोस-जातोस, एकदा तरी बघितलंस का त्या झाडाकडे?"

"अगं, पण मी तर..."

"तू खुंट ठेवलास आणि झाड टाकलंस! झाड टाकलंस तू!"

तिने काठी उचलली. दादा दोन पावलं मागे सरला. काठी पाण्याच्या झारीवर बसली आणि झारी भिंतीपर्यंत गेली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तिची तर नव्या गुडघ्यातून गेली. कळ आली आणि ती तिथेच पायरीवर बसली. मागच्या दारात वहिनी उभी होती, पदर बोटाला गुंडाळत. आत्याने तिच्याकडे नुसतं बघितलं. वहिनीने मान खाली घातली.

त्यानंतर जो तो शहाणपणा शिकवायला पुढे. मोठ्या बहिणीचा फोन आला, "अगं, त्याने चांगल्यासाठीच केलं ना? मुद्दाम का करेल?" भिंतीपलीकडचे शेजारी, चष्मेवाले, म्हणाले, "झाडच ते, दुसरं आणा की." दादा तर उलट दुखावला होता. आल्यागेल्याला सांगायचा, "एवढी काळजी घेतली मी त्या कुंडीची, रोज स्वतः पाणी घातलं, आणि हे बक्षीस!" ऐकणारे चुकचुकायचे, आणि ते दादासाठी! मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. चांगल्यासाठी केलेल्याशी भांडायचं कसं? 'चांगल्यासाठी' हा एक शब्द उच्चारला की समोरच्याची बोलतीच बंद. हवं ते कापा, वर हळद लावा आणि टाळ्यांची वाट बघा!

कापलेल्या फांद्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या, असं दादाने सांगितलं. तरी तिने परसाचा कोपरान् कोपरा धुंडाळला. मग काठी टेकत, ज्यांना पूर्वी कलमं दिली होती त्यांच्या दारी गेली. एका घरी कुंडीत आता पुदिना होता. दुसऱ्या घरी कुंडीच नव्हती. चष्मेवाल्यांचं झाड मात्र डोक्याच्या वर गेलेलं. ते अभिमानाने म्हणाले, "बघा, तुमच्यापेक्षा जोमात!" ती फांदी न् फांदी हाताने खाली वाकवून बघत राहिली. एक पांढरी कड, एक पट्टा, कुठेच नाही. अख्खं झाड साधं हिरवं. "हिरवं काढायला सांगितलं होतं ना मी?" चष्मेवाले हसले. ती काही न बोलता निघून आली. तेव्हा त्यांना ते जरा लागलं असावं, कारण बेबीआत्या न ओरडता गेली असं कधी झालं नव्हतं.

कामाच्या खोलीत ती गेलीच नाही. एका बसच्या सीटा अर्ध्या शिवून पडल्या. दादा दारातून म्हणाला, "बेबी, एवढ्याशा झाडासाठी धंदा बुडवशील?" तिने त्याच्या तोंडावर दार लावलं.

एके दुपारी दादा रेक्झिनच्या ताग्यांसाठी बाजारात गेला. वहिनी बेबीआत्याच्या खोलीत आली. तिने "या जरा" अशी खूण केली. स्वयंपाकघरात तिने फ्रिजचा सगळ्यात खालचा भाजीचा कप्पा ओढला. त्या कप्प्याला हात लावायची वेळ दादावर जन्मात आली नव्हती. मेथीच्या जुड्यांखालून तिने एक पिशवी काढली, पिशवीतून ओला वर्तमानपत्राचा कागद, आणि कागद उलगडला. आत काड्या होत्या. पानं खुडलेल्या, देठ तेवढे ठेवलेल्या. सालीवर दुधी आणि हिरवे पट्टे.

बेबीआत्या खाली बसली.

"तुम्ही कुणाला काड्या द्यायच्या असल्या की अशाच ठेवायचात," वहिनी म्हणाली. "मी बघायचे."

कुणालाही वाटेल, आता आत्या तिच्या गळ्यात पडेल. छे! तिचा राग पुन्हा उसळून आला, आणि आता तो वहिनीवर.

"म्हणजे कापत होता तेव्हा तुम्ही तिथे होता."

"होते."

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"आणि मूग गिळून बसलात!"

"एकदा म्हटलं मी. फुटवा मोडू देईनात, तेव्हा म्हटलं, अहो, बेबीताईंनी उलटं सांगितलंय. तर म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं."

"एकदा? एकदाच म्हटलंत? दुसऱ्यांदा म्हणायला काय झालं होतं? कात्री ओढून घ्यायची! ओरडायचं!"

"मला नाही येत ओरडता," वहिनी म्हणाली. ती जागची हलली नाही. "ते हात धुवायला आत गेले तेवढ्यात उचलल्या. आणि तुम्ही आल्यावर लगेच दिल्या नाहीत, कारण जिवंत आहेत की नाहीत मलाच कळेना. तुम्ही एवढ्या तळमळत होता. त्यात मेलेल्या काड्या कशा ठेवू तुमच्या हातात? आज म्हटलं, मेल्या असल्या तर असू देत, बघितल्या तरी पाहिजेत."

बेबीआत्याने एक काडी उचलून नखाने साल खरवडली. आत तपकिरी. दुसरी, तपकिरी. तिसरीही गेलेली. शेवटची तेवढी राहिली. तिने ती हातात धरली आणि खरवडायला नख पुढे होईना. मग खरवडली. आत ओला, पोपटी रंग.

"सुरी आणा माझी," ती म्हणाली. "पातळ पात्याची. आणि सोफ्यावरचं प्लास्टिक."

परसात वहिनीने स्टूल मांडलं. बेबीआत्याने त्या जोमदार फुटव्याकडे बघितलं. दादाचा लाडका फुटवा. एवढा रस चढलेला खुंट कलमाला शोधून मिळाला नसता. एक सपकन घाव, आणि तकतकीत पानांचा तो अख्खा शेंडा खाली.

नेमका तेव्हाच दादा मागच्या दारात आला, बगलेत तागा. "अगं! अगं, काय करतेस? एवढं चांगलं झाड!" तागा टाकून तो धावला, तिचं मनगट धरायला हात पुढे केला. तिच्या एका हातात उघडी सुरी, दुसऱ्यात ती शेवटची काडी. धक्का लागला असता तर संपलं होतं.

वहिनी मध्ये आली. काही विशेष केलं नाही तिने, फक्त दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"हात लावू नका," ती म्हणाली.

"तू बाजूला हो. तुला काय कळतंय त्यातलं?"

"हात लावू नका म्हटलं ना!"

आवाज फार मोठा नव्हता, पण भिंतीपलीकडे चष्मेवाल्यांचा रेडिओ बंद झाला. दादाने पुढे केलेला हात मागे घेतला. मग तागा उचलून पुटपुटत दुकानात गेला. एखादी गोष्ट दादाला दुसऱ्यांदा म्हणायला वहिनीला एवढी वर्षं लागली होती, आणि बेबीआत्याने तिकडे वळूनही बघितलं नाही, कारण तिला खुंटाला चीर द्यायची होती. तिने काडीला पाचरीसारखी धार केली, चिरेत सालीला साल मिळवून बसवली. प्लास्टिकची पट्टी वहिनीने ताणून धरली, हिने गुंडाळली. वर पारदर्शक पिशवी बांधली आणि कुंडी सावलीत सरकवली.

मग वाट बघणं. बेबीआत्या कामाच्या खोलीत परतली, बसच्या सीटा पुऱ्या केल्या, दादाशी कामापुरतं बोलली. दर सकाळी दोघी पिशवीतून आत बघायच्या. काडी तशीच. खालून खुंट नवे कोंब काढत होता, ते वहिनी आठवणीने मोडत होती. एक दिवस काडीवरचा सुकलेला देठ आपोआप गळून पडला. आत्या म्हणाली हे चांगलं लक्षण आहे, आणि लगेच म्हणाली, "आताच आशा लावून घ्यायची नाही." पुढे काडीवरचा डोळा फुगला. फुटला. नखाएवढं पान उलगडलं, आणि त्याच्या काठाला पांढरी कड होती.

बेबीआत्या रडली नाही. तिने सुरीचं पातं पदराला पुसलं, ते मुळात स्वच्छच होतं.

दादाही बघायला आला. वाकून बघितलं, आणि चेहरा खुलला. "आलं की परत! बघ, मी म्हणत होतो ना? उगाच घर डोक्यावर घेतलंस तू बेबी. झाडं अशी जात नसतात, येतात परत."

आत्याच्या तोंडात शब्द नुसते गोळा झाले. इतके, की कुठून सुरू करावं कळेना. रोपवाटिकेपासून की हळदीपासून?

पण बोलली वहिनी. "आलं नाही ते," ती म्हणाली. "मी ठेवलं होतं."

"तू?" दादा हसला. "कुठे?"

"तुमच्या घरातच."

तिने वाकून कुंडीत बघितलं. जोडाखालून पुन्हा एक कोंब आला होता, लालसर, लुसलुशीत. तिने अंगठ्याने तो मोडला.

"अगं, चांगला जोमदार होता की तो!" दादा न राहवून म्हणाला.

"हो," वहिनी म्हणाली आणि कोंब त्याच्या हातात ठेवला.

दुकानात गिऱ्हाईक आलं, तसा दादा तो कोंब हातात घेऊनच गेला. बेबीआत्याने सुरी वहिनीपुढे धरली. "या फांदीवर पुढे काड्या तयार होतील," ती म्हणाली. "दुसरं कलम तुम्ही करायचं. एकच झाड ठेवून चालायचं नाही या घरात." वहिनी म्हणाली आपल्याला जमणार नाही. "जमणार नाही काय, जमवायचं!" बेबीआत्या तिच्यावर खेकसली, आणि पात्याला धार कशी लावायची ते दाखवायला लागली.